अकरावी दुरुस्ती

४ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून तुम्ही ते पुन्हा खणात टाकलंत, हे ताईकडून कळलं. म्हणजे फोन संपलाच, आता आपली खुशाली पोस्टमनच्या पायांवर. मला ते बरंच वाटतं. दिवसभर पडद्याकडे बघून डोळे चुरचुरतात, त्यानंतर कागद म्हणजे सुख आहे.

एकट्यानं कामं घेऊन वेबसाइट बनवणारा माणूस दिवसभर करतो तरी काय, असं तुम्ही विचारलंत. सांगतो. सकाळी उठतो, पलंगावरून टेबलापाशी येतो, कचेरी सुरू. साहेब एकही नाही आणि साहेब सहा आहेत. एकाला पानाचा निळा रंग अजून निळा हवा असतो. दुसऱ्याला काय हवंय ते त्यालाच ठाऊक नसतं, पण उद्यापर्यंत हवं असतं. चुकलं तर सांगायला शेजारी कुणी नाही, जमलं तर पाठ थोपटायलाही नाही. गेल्या आठवड्यात सलग तीन दिवस मी फक्त किराणावाल्याशी बोललो, तेही साबण या विषयावर. कधी कधी भीतीच वाटते. उद्या या खोलीत मला काही झालं, तर सहाही साहेबांना एवढाच प्रश्न पडेल की मेलला उशीर का झाला.

असो. नवं काम तुमच्याच गावातलं आहे. आजारी माणसांच्या घरी नर्स पाठवणारी एक छोटी संस्था आहे, एक बाई ती चालवतात. सोमवारी त्यांची वेबसाइट सुरू होतेय. शिरस्त्याप्रमाणे पहिले पाहुणे तुम्ही. शुद्धलेखन तपासा आणि फॉर्म भरून बघा. तूर्त त्यातले निरोप माझ्या चाचणीच्या मेलपेटीत पडतात. साइट ताब्यात दिली की तिथे बाईंचा पत्ता टाकायचा. बेकरीच्या वेळी तुम्ही घोड्याच्या वाढदिवसाला केक मागवला होता, आणि चपलांच्या दुकानाला तीन पायांच्या गृहस्थाचं माप पाठवलं होतं. या खेपेस कोण येतंय त्याची उत्सुकता आहे.

गोळ्या वेळेवर घ्या. लोभ आहेच, तो माझ्या चुकांसकट टिकवावा.

आपला,
धाकटा


१२ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

वेबसाइट पाहिली. छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, पण कागद निदान एका जागी थांबायचा. तुझं पान बोट लागलं की पळतं. तरी अकरा चुका धरल्या, यादी सोबत जोडली आहे. पहिल्या दहा शुद्धलेखनाच्या आहेत, त्या निमूटपणे सुधार.

अकरावीबद्दल मात्र बोलायचं आहे. फॉर्म पाठवला की पडद्यावर येतं, ‘तुमचा निरोप पोचला. आमचं माणूस लवकरच येईल.’ यातलं ‘लवकरच’ काढ. चपलांच्या दुकानात चालेल. ज्याच्या घरात दुखणं आहे तो त्या एका शब्दावर दार उघडं टाकून बसेल. किती तासांत येईल ते लिही, आणि तेवढ्यात कुणी आलं नाही तर काय करायचं तेही लिही. फॉर्म मी भरला आहे. यंदा मी निवृत्त सेनापती असून माझ्या पोपटाला पडसं झालं आहे.

पाठ थोपटायला कुणी नाही म्हणतोस. मी तपासलेल्या एकाही पुस्तकावर माझं नाव नाही. चूक राहिली की मात्र मी सगळ्यांना बरोबर आठवायचो. पण माझ्यानंतर आणखी एकजण वाचायचा, तेवढा आधार होता. दुसरी नजर हवीच, धाकट्या. तुला सध्या मी आहे, पण मी किती दिवस पुरणार?

मंगळवारी उंबऱ्याला अडखळलो. दोष चपलेचा. ताईला कळवू नकोस, ती सासूबाईंचं आजारपण सोडून धावत येईल. आणि पत्र हातानंच लिहीत जा. छापील अक्षरात सगळी माणसं ठणठणीत दिसतात. हाताचं अक्षर काही लपवू देत नाही.

जेवणाकडे लक्ष दे. माया आहेच, ती पत्राची वाट बघत नाही.

तुझा,
बाबा


३ जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कान धरतो. मधे दोन कामं एकदम अंगावर आली. नर्सवाल्या बाईंची साइट सुरू करून मी त्याच दुपारी दुसऱ्याचं तुटलेलं पान जोडायला बसलो, ते आज मान वर करतोय. तुमच्या दहा चुका लगेच सुधारल्या. अकरावीचं बाईंना विचारायला हवं, ते राहूनच गेलंय. बघतो.

आज सकाळी सहज चाचणीची पेटी उघडली. तिथे बरंच काही साचलंय, मी कधी ढुंकून बघत नाही. वर मात्र तुमचा कालचा निरोप होता आणि मी एकटाच खो खो हसलो. पुन्हा उतरवून काढतो, म्हणजे आपली कला आपल्याला वाचता येईल: ‘मी वय वर्षे चौऱ्याहत्तर एकटा असतो उजवा हात सकाळपासून ऐकत नाही पेन धरवत नाही चहा सांडला मला ऐकू येत नाही फोन करू नये माणूस पाठवावे’.

बाबा, सेनापतीपेक्षा हे पात्र फार झकास उतरलंय! पूर्णविराम एकही नाही. किराणाच्या यादीत स्वल्पविराम देणारे तुम्ही! मी लक्ष देऊन वाचतो की नाही ते बघायला मुद्दाम केलंत ना? सापडलात. पण आता खेळ पुरे. फॉर्म पास झालाय, त्या गृहस्थांना आराम करू द्या.

महिनाअखेर चार दिवस येतो म्हणतो. तुमची थट्टा अशीच माझ्या वाट्याला येत राहो.

आपला,
धाकटा


१९ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू बोलत नाहीस आणि मला रडू येतं, म्हणून लिहिते. बाबांना जाऊन आज तेरा दिवस झाले. मी अजून त्यांच्याच घरी आहे, आवरते आहे. तू तिसऱ्याच दिवशी निघालास. काम असेल, मला मान्य आहे. पण समोरच्या शिवणवाल्या बाई बोलत होत्या आणि तू मधेच उठून बाहेर गेलास, परत आलास तो बॅग घेऊनच. मला वाईट वाटलं ते वाटलंच. आपण दोघंच उरलोय रे.

बाई काय सांगत होत्या ते तू पुरतं ऐकलं नाहीस. दोन तारखेला दुपारी त्यांना बाबांचं दार सताड उघडं दिसलं. त्यांनी पाटीवर लिहून विचारलं, तर बाबांनी डाव्या हातानं कसंबसं खरडलं की नर्स येणार आहे, कळवलं आहे. रात्रीही त्यांनी कडी लावली नाही. तीन तारखेला बाईंना गावाला जावं लागलं. चार तारखेला सकाळी त्या परतल्या तेव्हाही दार उघडंच होतं आणि बाबा ओट्याखाली पडलेले होते. पुढचं तुला ठाऊक आहे. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते की हात पहिल्यांदा कधी गेला. दोन दिवस आधी आणलं असतं तर वाचण्याची आशा होती म्हणे. रोज सकाळी लाल पेन्सिलीनं पेपरातल्या चुका काढायचे ना, एक तारखेपर्यंतचे पेपर रंगलेले आहेत. दोन तारखेचा कोरा आहे.

नर्स पाठवणारी गावात एकच संस्था आहे, तू जिची वेबसाइट केलीस तीच. सोमवारी मी तिथे जाणार आहे. म्हाताऱ्या माणसाचा निरोप आला आणि तुम्ही ढिम्म बसलात, हे त्या बाईंना तोंडावर विचारणार आहे. चार लोकांसमोर विचारणार आहे. तुझी ओळख आहे म्हणून गप्प बसणार नाही, रागावू नकोस.

दाराच्या पेटीत तुझं एक पत्र सापडलं. शिक्का तीन तारखेचा आहे. बाबांना मिळालंच नाही बिचाऱ्यांना. मी उघडलेलं नाही, ते तुमचं दोघांचं आहे. परत पाठवू की त्यांच्या पेटीत ठेवू, ते कळव.

नीट जेव. तुझ्यावाचून मला आता माहेर नाही, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
ताई


२२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र कुरियरनं पाठवतो आहे. सोमवारच्या आत ते तुला मिळायलाच हवं.

बाईंकडे जाऊ नकोस. निरोप त्यांच्यापर्यंत गेलाच नाही, तो माझ्याकडे आला. साइट सुरू केली त्या दिवशी फॉर्ममध्ये बाईंचा पत्ता टाकायचा होता. एका ओळीचं काम. दुसऱ्याचं पान तुटलं म्हणून मी तिकडे पळालो आणि ती ओळ राहिली. बाबांनी खऱ्या नर्सला बोलावलं आणि ते बोलावणं माझ्या चाचणीच्या पेटीत पडलं.

आणि मी ते वाचलं, ताई. तीन तारखेच्या सकाळी वाचलं. बाबा ओट्याखाली पडायच्या आधी अख्खा दिवस माझ्या हातात होता. बाबा प्रत्येक नव्या साइटवर खोटं गिऱ्हाईक होऊन फॉर्म भरायचे, तुला तो खेळ माहीत आहे. मला वाटलं, तेच. साइट सुरू होऊन तीन आठवडे झाले होते, आता ते कशाला तपासतील, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. मी हसलो. हसून त्यांना पत्र लिहिलं. ते पत्र उघड आणि वाच. परत पाठवू नकोस, मला ते इथे नको आहे.

शिवणवाल्या बाईंनी नर्सचं नाव काढलं तेव्हा मला सगळं एकदम कळलं. तुझ्याकडे बघण्याची हिंमत नव्हती म्हणून पळालो.

इथे आल्यावर पेटी पूर्ण उघडली. आणखी चौदा घरांचे निरोप होते. सगळे कळवळून लिहिलेले. चौदाही जणांना फोन केले. बऱ्याच जणांनी दुसरी सोय केली होती. दोन घरांतलं आजारी माणूस गेलं होतं. एका घरी कुणी उचलतच नाही. मग नर्सवाल्या बाईंना सगळं सांगितलं. कुणी बोलवतच नाही म्हणून त्या संस्था बंद करायच्या बेतात होत्या. त्या रागावल्या नाहीत. चौदा नावं लिहून घेतली आणि फोन ठेवला.

बाबांनी ‘लवकरच’ काढायला सांगितलं होतं. त्या शब्दावर माणूस दार उघडं टाकून बसेल, असं लिहिलं होतं त्यांनी. मी बघतो म्हटलं होतं. आता काढलाय. तिथे लिहिलंय, ‘दोन तासांत कुणी आलं नाही तर थांबू नका, शेजाऱ्यांना हाक मारा.’ अकरावी दुरुस्ती झाली. बरोबर झाली का ते बघायला कुणी नाही.

तुझ्याकडे लोभ मागायला तोंड नाही.

धाकटा


२ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि ते दुसरंही उघडलं. बाबांच्या वाक्याखाली तू काढलेलं हसरं तोंडही पाहिलं.

बाईंकडे मी गेले, पण भांडायला नाही. त्यांच्यासमोर बसून तुझ्या वतीनं माफी मागितली. त्यांनी मला पाणी दिलं. त्या कुणाला सांगणार नाहीत, मीही सांगणार नाही.

तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण ते खोटं होईल. मला तुझा राग येतो. रोज येतो. सकाळी उठल्यावर अगदी पहिल्यांदा येतो. इतक्यात इकडे येऊ नकोस. कधी ये ते मी कळवीन, आणि ‘लवकरच’ असं मी लिहिणार नाही.

बाबांचं घर बंद केलं. कडी लावताना हात उचलेना, शिवणवाल्या बाईंनी लावली. लाल पेन्सिल तुला पाठवते आहे.

कुरियरनं आलेलं तुझं पत्र छापलेलं होतं. पुढचं हातानं लिही. काहीही लिही, साबणाबद्दल लिही, पण हातानं लिही. तू त्या खोलीत कसा आहेस ते मला बघायचं आहे.

ताई