पुसलेला पूर

३ सप्टेंबर
पाणी उतरलं! शिलाई मशीन माळ्यावर होतं, वाचलं. गाद्या गेल्या. सासूबाईंची एक चप्पल वाहून गेली. त्या म्हणतात, न्यायची तर जोडी न्यावी. नदीला व्यवहार कळत नाही.

४ सप्टेंबर
नदीपलीकडे, बंगल्यांकडे, सकाळीच सरकारी पंप आले. त्यांच्या काठाला सरकारनं भिंत बांधून दिलेली आहे; पाणी फक्त गाड्यांच्या जागेत शिरलं. इकडे आम्ही बादल्यांनी उपसतोय. शेजारचा न्हावी म्हणाला, "पंपाला आपली गल्ली अरुंद पडत असेल." हसलो सगळे. हात थांबवले नाहीत.

६ सप्टेंबर
पाहणीला साहेब येणार! नुकसान त्यांच्या डोळ्यांना दिसलं तर आमच्याही काठाला भिंत मिळेल. सासरे मागत मागत गेले, आता हे मागतात.

सासूबाईंचं फर्मान — सरकार दारात येतंय, घाण दिसता कामा नये! हे रंगारी. कामावरून उरलेले सगळे डबे बाहेर काढले. "ओल्या भिंतीवर रंग धरत नाही," म्हणाले, आणि तरी लावत सुटले. न्हाव्याचं घर गुलाबी झालं. तो दारात उभा राहून लाजतोय.

९ सप्टेंबर
साहेब आले. गल्ली बघून खूश!

"पाणी कुठवर आलं होतं?"

ह्यांनी छातीवर हात ठेवला. "इथवर."

"भिंतीवर खूण दिसत नाही."

दिसणार कशी? दोन हात दिलेत!

पलीकडे कुणी काही पुसलं नव्हतं. तिथल्या खुणेचे फोटो निघाले. जाताना साहेब म्हणाले, असा पूर पूर्वी कधी आलाच नव्हता, निसर्गापुढे सरकार काय करणार? सासूबाई म्हणाल्या, "निसर्ग नदीच्या एकाच काठाला राहतो का हो?" साहेब हसले. फोटो काही काढला नाही.

१० सप्टेंबर
हे जेवेनात. "माझ्या हातानं घालवली भिंत." सासूबाई — "पुराला जमलं नाही ते तू केलंस." आणि ताट पुढे सरकवलं.

न्हावी म्हणतो, खूण रंगवून टाक की! कुणाला कळतंय? ह्यांना क्षणभर पटलं. मलाही. सासूबाई कडाडल्या, "खरा पूर येऊन गेला आणि खूण खोटी?"

१२ सप्टेंबर
हे सकाळपासून भिंत खरवडतायत. नव्या रंगाखाली खूण सापडली. पण थांबले नाहीत. हिरव्याखाली आणखी एक. पिवळ्याखाली आणखी. सासूबाई स्टुलावर बसून सांगत होत्या — "हिरवा तुमच्या लग्नातला. पिवळा, माझी धाकटी झाली तेव्हाचा." तळाशी पांढरा, पलीकडची भिंत व्हायच्या आधीचा. तिथली खूण घोट्याएवढी. नंतरची प्रत्येक आधीच्या वर.

कधी आलाच नव्हता म्हणे!

दुपारपर्यंत घरोघरी खरवडणं सुरू. धूळ, खोकला, हशा. न्हावी वस्तरा घेऊन आला. "गल्लीची दाढी करतोय," म्हणाला.

१५ सप्टेंबर
साहेब पुन्हा आले. सासूबाईंनी आणले, असं म्हणणं जास्त खरं. त्यांनी स्वतः टेप धरला. प्रत्येक खूण मोजली. आकडे वहीत लिहून घेतले. मग म्हणाले, "आजी, भिंत होईल." न्हाव्यानं फुकट दाढी देऊ केली. "लाच होईल," म्हणाले, पण गालावरून हात फिरवला.

गल्लीत आज सगळे विनाकारण मोठ्यानं बोलतायत.

४ ऑक्टोबर
भिंत मंजूर झाली. उंची आमच्या खुणांवरून ठरवली आहे. बांधणार पलीकडे — जुनीच वाढवून.

सासूबाई उठल्या आणि चालू लागल्या, साहेबांच्या कचेरीकडे. मागे अख्खी गल्ली. मी उभ्यानंच लिहितेय. हे दारातून हाक मारतायत.