नातेवाईकाचा फोन

मंगळवार, १० फेब्रुवारी

‘नातेवाईकाचा फोन’ या रकान्यानं आज डोकं खाल्लं! एकाचे दोन करायचे — पहिला संपर्क, दुसरा संपर्क. दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरमधला कुठला रकाना कशाचा, त्याची कुठली आवृत्ती चालू, कुठली रिटायर, म्हणजे बंद — ही डिक्शनरी माझ्याच गळ्यात. विश्वजीत सरांचं पालुपद: “पुढचा पाय टेकल्याशिवाय मागचा उचलू नको.” म्हणजे नवी चालू झाल्यावरच जुनी रिटायर. दोन वर्षं हेच ऐकतेय.

आईचा फोन आला. कापला. रविवारी जाईन पुंडलिकनगरला, तिच्याकडे. गेल्या रविवारीही हेच म्हटलं होतं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

जुनी आवृत्ती सकाळीच रिटायर करून टाकली. नवी अजून ड्राफ्ट — सरांची मंजुरी संध्याकाळी. तेवढ्यात काय आभाळ कोसळतंय!

शनिवार, १४ फेब्रुवारी

आई गेली. बुधवारी दुपारी, दवाखान्यात.

छातीत दुखायला लागलं म्हणून तिच्या खालच्या मजल्यावरच्या रूपानं रिक्षात घालून नेलं. घाईत आईचा मोबाईल घरीच राहिला. दवाखाना नेहमीचा — सॉफ्टवेअर आमचं.

रूपा रडत सांगत होती, “सिस्टर म्हणली, नंबरच दिसत नाय. माझ्याकडं तुझा जुनाच होता गं. मावशी लई वेळ दाराकडं बघत होत्या.”

दाराकडं! मी वीस मिनिटांवर होते. डबा खात होते. नंबर बदलल्याचं रूपाला सांगायचंही राहिलं होतं.

मी आईला मारलं नाही, हे कळतं मला. पण शेवटी एकटं ठेवलं.

सोमवार, १६ फेब्रुवारी

सरांना सगळं सांगितलं. बुधवारपासून तो रकाना कुठंच नाही, नवी ड्राफ्टच राहिली — माझ्यामुळे. ओरडले नाहीत. “व्हय, कळलं. घरी जा पोरी.” दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी नाही गेले. नवी आवृत्ती मीच चालू करणार म्हटलं. उद्या जुनी माहिती नव्या रकान्यात येईल. आईच्या नोंदीत माझं नाव बघायचंय. तिनं मलाच बोलवायला सांगितलं होतं, एवढं तरी डोळ्यांनी बघू दे.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

झाली चालू. आईची नोंद उघडली.

पहिला संपर्क: रूपा. नातं: मुलगी.

चूक केली नसती, तरी फोन मला आला नसता.