कार्डावर लिहिलेले पैसे

प्रिय बाई,

म्हणजे मला तुझ्या नवऱ्याचं, राजदीपचं, बरं पाहवत नाही, हेच ना? रविवारी एवढं बोलून तू फोन ठेवून दिलास. माझं ऐकलंच नाहीस. मी घर सोडून पळालो आणि तो थांबला, आईला दवाखान्यात तो नेतो, छपरावरचे कवेलू तो फेरतो, म्हणून मी इथे बसून त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही. बरं. पळालो हे खरं आहे. कोरपन्याकडे सिमेंटच्या गोण्या उचलायला टिकलो नाही, हैदराबादेत टिकलो नाही, आता या तिरुप्पूरला कापड रंगवायच्या कारखान्यात आहे आणि हात कोपरापर्यंत निळे झालेत. आठवीत शाळा सोडली, तेही खरं. पण म्हणून मला काही दिसतच नाई, असं काऊन धरतेस?

हे पत्र घरी न टाकता अंगणवाडीच्या पत्त्यावर, तिथल्या सेविका अंजनाबाईच्या नावानं टाकलं आहे. त्याचं कारण शेवटी लिहितो, आधी सगळं वाच. बारा तारखेला बचत गटाची बैठक आहे. तू सचिव, पासबुक तुझ्याकडे. त्या दिवशी बायकांच्या सह्या घेऊन तू वीस हजार काढणार आणि बुडालेले पैसे काढून देतो म्हणणाऱ्या त्या रिकव्हरी सरला पाठवणार, आठ दिवसांत परत भरते म्हणून सांगणार. आईनं मला सगळं सांगितलं आहे. ते वीस हजार जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. बाकी तुला माझा राग आला तर येऊ दे.

मी पुष्कळ विचार केला की आपण फसलो कसे. आपण काही लालची माणसं नव्हतो. मला वाटतं आपण तेंदूपत्त्यानं फसलो. आठव, पहाटे जंगलात जायचं, दुपारी ओसरीत बसून पुडे बांधायचे, तू माझ्यापेक्षा दुप्पट बांधायचीस आणि मला चिडवायचीस, की तुझ्या पुड्यात सत्तर पानं असतात की साठ, हे मुन्शीलाच माहीत. संध्याकाळी खरेदीच्या फळीवर पुडे मांडले की मुन्शी मोजायचा आणि कार्डावर लिहायचा. पैसे मागाहून. बोनस तर पुढच्या साली. तोवर आई कार्ड दाखवून दुकानातून तांदूळ आणायची. कार्डावर लिहिलं म्हणजे पैसे आहेत, फक्त यायचे आहेत, एवढंच आपल्याला ठाऊक. उशीर व्हायचा, पण आपले कधी बुडाले नाहीत.

मग राजदीपनं तो ॲप आणला. कॉइन घ्यायचे, ते वाढतात, फोनवर आकडा दिसतो. आई घाबरली होती. हा तिच्याजवळ बसला, फोन तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "माय, हे बी कार्डच समज." झालं. आईनं बोनस टाकला, तू टाकलेस, मी इथून दोन महिन्यांचा पगार टाकला. आकडा वाढत गेला. तुझ्या पोरीला, गुड्डीला, तू नवोदयच्या शिकवणीला घालणार होतीस, आई विहिरीवर मोटर बसवणार होती. काढायला गेलो तर पेंडिंग. दुसरा कोणी असता तर त्याच हप्त्यात बोंबलला असता. आपण वाट पाहिली. एक दिवस ॲप उघडलाच नाही, आणि तेव्हाही आई म्हणाली की साहेब लोक हिशोब करत असतील.

त्यानंतर हा रिकव्हरी सर आला. आपण त्याला शोधलं नव्हतं, त्यानंच मेसेज केला. तुमचे बुडालेले कॉइन सापडले, तुमच्या नावावर सोडले, फक्त फी भरा. सोबत फोटो, त्यात लांब नंबर, रक्कम, हिरवी खूण. पहिल्या फीला आईच्या दोन बकऱ्या गेल्या. दुसऱ्या फीला तुझ्या कानातले. आता तिसरी, टॅक्सची. आणि प्रत्येक वेळी राजदीप तुमच्यासोबत कपाळाला हात लावून बसला.

माझ्या खोलीत बल्लारपूरचा जाहिद राहतो. त्याची खाला, म्हणजे मावशी, खुर्शीदा अशीच दोनदा बुडाली, त्यावरून त्याला थोडंफार माहीत झालं. मी त्याला सरचे फोटो दाखवले. तो म्हणाला की कॉइनचा खरा व्यवहार लपत नसतो. तो सगळ्या जगासमोर उघडा पडलेला असतो. त्याचा नंबर एका साइटवर टाकायचा, की कोणी पाठवले, कोणाला गेले, कधी गेले, सगळं दिसतं. पासवर्ड लागत नाही, पैसे लागत नाहीत. आम्ही सरचे सगळे नंबर टाकले. एकही निघाला नाही. एकाच्या मध्येच इंग्रजी के होता. त्या नंबरात आकडे असतात आणि ए ते एफ एवढीच अक्षरं, मग के आला कुठून? कोणीतरी बसल्या बसल्या बोटं मारली होती, बाई. ज्यावर आईच्या बकऱ्या गेल्या, तो नुसता चितारलेला फोटो होता. जाहिदनं आणखी एक विचारलं, की त्याच्याजवळ तुमचे लाखभर असतील, तर त्यातूनच फी कापून बाकीचे काऊन देत नाही? 

मी लगेच राजदीपला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, "सरितेले सांगू नको. तिचा जीव त्या पैशात अडकला आहे." मला त्याची कीव आली. खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी आलं, की किती जपतो हा माझ्या बहिणीला. कोरपन्याला ठेकेदारानं माझी मजुरी दाबली होती, तेव्हा हाच उसनी मोटरसायकल घेऊन अहेरीहून आला होता. ठेकेदाराच्या दारात मांडी घालून बसला. कुत्रं सोडलं तरी उठला नाही. पैसे घेऊनच मला गाडीवर बसवलं. तेव्हा तुमचं लग्न ठरायचं होतं. त्याच्यासारखा भाऊजी मिळतो म्हणून मी तुझ्या लग्नात पायातल्या चपला तुटेस्तोवर नाचलो.

म्हणून जे डोक्यात आलं होतं ते मी किती दिवस बाजूला सारलं. पण जात नव्हतं. आईचा यंदाचा बोनस खात्यात पडला आणि दुसऱ्याच सकाळी सरचा फीचा मेसेज आला. सरला बकऱ्या किती ते माहीत. तुझ्या कानातले मोडीत किती येतील तेही जवळपास माहीत. नागपुरात ऑफिस आहे म्हणणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? मग मी एक खोटं बोललो. राजदीपला म्हणालो, मी इथे दुसऱ्याही एका ॲपमध्ये नऊ हजार टाकले होते, लाजेनं कोणाला सांगितलं नाही, तेही गेले. असा ॲप नाही, असे नऊ हजार नाहीत. आईला नाही सांगितलं, तुला नाही, जाहिदलाही नाही. फक्त त्याला. तिसऱ्या दिवशी सरचा मेसेज आला, की तुमचे दुसऱ्या ॲपमधले नऊ हजारही सापडले आहेत, फी भरा. मी रंगाच्या टाकीपाशी उभा होतो. मुकादम ओरडत होता, माझ्या कानावर पडत नव्हतं.

पहिल्या ॲपमध्ये तोही बुडाला, हे मी आजही मानतो. पण त्यानंतर आपल्याच ओसरीत बसून, आपल्या घरचा चहा पिऊन, कोणाकडे अजून काय विकण्यासारखं उरलं हे त्यानं पाहून ठेवलं. ते तो सरला विकतो की सर तोच आहे, मला कळलं नाही, आणि कळून काही फरक पडेल असं वाटत नाही. तुझा फोन तुझ्याआधी तो उघडतो, म्हणून हे कागदावर लिहिलं. त्याच्याशी आत्ता भांडू नको. सरचे फोटो आणि मेसेज अंजनाबाईच्या फोनवर पाठव, तिला सोबत घेऊन गडचिरोलीला सायबर पोलिसांकडे जा, १९३० वरही तक्रार होते. मी इथून माझ्या फोनमधलं सगळं देतो. पैसे येतील असं नाही म्हणत. मला एवढंच पाहिजे की बाराला तू बायकांसमोर बसशील तेव्हा पासबुक पूर्ण असावं. दुसऱ्या फीला कानातले पुरले नाहीत, म्हणून तू गटातल्या कोणाला न सांगता गटाचे पैसे उचललेस. आईला ते माहीत आहे, आणि आता मलाही. म्हणूनच तुला तिसऱ्या फीची एवढी घाई होती, हे मला रविवारी तू ओरडलीस तेव्हा कळायला पाहिजे होतं. तुझं रविवारचं बोलणं मी मनात ठेवलं नाही. गटाचे उचललेले आधी भर, मग वीस हजाराला तुझा हात जाणार नाही. घरी तोंड उघडू नको, पैसे मी अंजनाबाईच्या खात्यात टाकतोय, ती रोख तुझ्या हातात देईल. गटाचे सहा हजार, आणि तुझ्या नि गुड्डीच्या गडचिरोलीच्या जाण्यायेण्याला चारशे, मिळून सहा हजार चारशे रुपये.

तुझाच,
खुशाल