पाणसुरुंग पेरणारी पाणबुडी

सर, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली. मी आता इथल्या पॉलिटेक्निकात ड्रॉइंग शिकवतो. आज वर्गात एका मुलीनं विचारलं, कॉम्प्युटर असताना हातानं सेक्शन कशाला काढायचा? उत्तर द्यायच्या ऐवजी मी खडू उचलला आणि फळ्यावर ती जर्मन पाणबुडी काढायला लागलो. पुढच्या भागातल्या सहा तिरप्या विहिरी, प्रत्येकीत तीन पाणसुरुंग. हात कुठंही अडला नाही. मुलं बघत राहिली, जसा त्या शुक्रवारी मी आखातातल्या, जिदहफ्सच्या तुमच्या फ्लॅटमध्ये बघत राहिलो होतो.

आखाती युद्ध संपून तीन-चार वर्षं झाली होती. मी चोवीस वर्षांचा, साताऱ्याकडून नुकताच आलेला ड्राफ्ट्समन. तुम्ही नागपूरचे, जहाजदुरुस्तीच्या त्या यार्डात केस पिकवलेले. ड्राय डॉकमधल्या एका टँकरची पाहणी करायला विमा कंपनीचा म्हातारा जर्मन सर्व्हेयर आला होता. हॉटेलचं खाऊन कंटाळला असेल म्हणून तुम्ही त्याला घरी जेवायला बोलावलंत. बुद्धवंदना झाली, चटया गुंडाळल्या गेल्या, आणि तो दारात उभा. काकूंनी मटण आणि ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या. तो हातानं जेवला, नाक पुसत, पण एकदाही तिखट आहे म्हणाला नाही. मग जेवण संपायच्या आधीच, डाव्या हातानं, त्यानं बॅगेतून एक घडी केलेला कागद काढला. त्याचे वडील पहिल्या महायुद्धात पाणसुरुंग पेरणाऱ्या पाणबुडीवर इंजिन सांभाळायचे. युद्धानंतर त्यांनी ती आठवून कागदावर उतरवली होती; ही त्याची झेरॉक्स.

तुम्ही हात धुऊन आलात, चष्मा लावलात आणि तो कागद जमिनीवर पसरून त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसलात. अजून दिसताय मला तसेच बसलेले. "पाहून राहिला का?" तुम्ही मला म्हणता. "ह्या टाक्या नाहीत बे. विहिरी आहेत, डेकपासून तळापर्यंत आरपार, अन् दोन्हीकडून समुद्राला उघड्या. म्हणजे बोटीच्या पोटात समुद्र उभा आहे, अन् त्याच्या बाजूनं माणसं झोपून राहिली." विहिरी मागं झुकत्या का, तेही तुम्हीच ओळखलंत: बोट पुढं चालत असताना सुरुंग खाली सुटला तर तो मागं राहावा, तिच्या अंगाला लागू नये म्हणून. एक सुरुंग गेला की बोट तेवढी हलकी होणार, नाक वर करणार, वरच्यांना दिसणार; म्हणून गेलेल्या वजनाइतकं पाणी लगेच आत घ्यायचं. जर्मन म्हातारा मान हलवत होता. मग त्यानं बुचाचं सांगितलं. सुरुंग आपल्या नांगरासकट तळाशी जाऊन बसायचा. त्याला एक बूच असायचं, मिठासारखं पाण्यात विरघळणारं. ते विरघळलं की सुरुंग नांगरापासून सुटून दोरावर वर यायचा. तेवढ्या वेळात बोटीनं निघून जायचं. तुम्ही कागदावरून हात फिरवलात आणि हळूच म्हणालात, "काय डोकं असन रे ह्या माणसाचं!"

तेवढ्यात काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "त्यांना विचारा, ह्यांच्या वडलांना ठाऊक असायचं का, कोणाचं जहाज फुटलं ते?" तुम्ही इंग्रजीत विचारलंत. म्हातारा सांगू लागला. बेल्जियमच्या किनाऱ्यावरून निघायचं, इंग्लंडच्या बंदरांच्या तोंडाशी सुरुंग टाकायचे, परत यायचं, पुन्हा भरून निघायचं. समोरच्यांनी एक वाट साफ केली की पुन्हा तीच पेरायची. वडिलांनी एकही जहाज बुडताना पाहिलं नाही. बुडायचं तेव्हा हे घरी असायचे, सूप पीत. एका फेरीआधी त्यांचा हात यंत्रात चेंगरला, म्हणून ते किनाऱ्यावर राहिले. ती बोट परत आली नाही. बहुतेक स्वतःच्याच सुरुंगानं गेली. बूच लवकर विरघळलं, की आणखी काही, कोणाला कळलं नाही. काकूंनी त्याच्या ताटात न विचारता आणखी अर्धी भाकरी वाढली. तो गेल्यावर तुम्ही बराच वेळ त्यानं ठेवून दिलेल्या झेरॉक्सकडे बघत होतात. "कोणीतरी तुझ्या-माझ्यासारखाच टेबलाशी बसून रेघ मारली असन," तुम्ही म्हणालात. "तोही त्या बोटीत कधी बसला नसन."

मला वाटलं, मला कळलं. दोन महिन्यांनी माझ्या ड्रॉइंगप्रमाणे त्या टँकरच्या बॅलास्ट टँकमध्ये, जहाज तोलायला पाणी भरतात त्या टाकीत, एक पाइप बसवला गेला, नेमका माणसं ये-जा करायच्या मॅनहोलच्या समोरून. पाठीवर श्वासाचा सिलिंडर घेतलेला केरळचा एक वेल्डर तिथं अडकला. सात-आठ मिनिटांनी त्याला ओढून काढला, जिवंत. माझ्या त्या ड्रॉइंगवर तुमची सही होती, कारण मी म्हणालो होतो, "तपासलंय सर." मी तपासलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला तिथं नेलंत, माझ्या पाठीवर सिलिंडर बांधलंत. ओरडला नाहीत. "यल्ला, उतर. तू काढलेल्या वाटेनं ये बाहेर." डोकं गेलं, एक खांदा गेला, आणि मग छाती अडकली. पुढंही नाही, मागंही नाही. गंजाचा वास, कानात माझंच रक्त. तुम्ही पलीकडून माझं मनगट धरलंत. "श्वास सोड. सगळा सोड. आता ये." तुमच्या हाताचा तो दाब मला अजून कळतो. बाहेर आल्यावर मी रडलो, आणि तुम्ही माझ्या शर्टावरचा गंज झटकत राहिलात.

मॅनेजरनं ऑफिसात विचारलं, हे कोणी तपासलं? तुम्ही म्हणालात, "मी. सही माझी आहे." मी तुमच्या मागं दोन पावलांवर उभा होतो. तुम्हाला वॉर्निंग लेटर मिळालं आणि त्या वर्षी मिळणारी चीफ ड्राफ्ट्समनची जागा दुसऱ्याला गेली. तुम्ही त्यावर कधी एक शब्द काढला नाहीत. दुसऱ्याच्या अंगावर येणारं स्वतःवर घ्यायचं, आणि त्याला ते जाणवूही द्यायचं नाही: इतक्या वर्षांत असं करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, सर. त्या जर्मन डोक्यापुढे तुम्ही थक्क झाला होतात. मी अजूनही तुमच्यापुढे थक्क होतो.

हे पत्र काकूंच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं. नात त्यांना वाचून दाखवते. पण नाही पाठवत. तुम्ही गेलात त्यानंतर त्यांनी मला फोनवर विचारलं होतं, "ह्यांना ती जागा का दिली नाही रे? हे कधी बोलले नाहीत." मी म्हणालो, "तिथं आपल्या माणसांना कोण देतं, काकू?" त्या "हो बाबा" म्हणाल्या. आणि मला, खरं सांगतो, हलकं वाटलं.