पाऊण सेंटिमीटरचा स्क्रू

सोमवार, ३. सकाळी ९:४०
ही बहिणीकडे गेली. मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, रविवारी दुपारी परत येणार. बॅग उचलताना एकदा आणि जिना उतरताना एकदा बजावलं, की माझ्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. मी म्हटलं, छे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी नवऱ्यावर विश्वास नाही.

संकल्प: ती यायच्या आत तिच्या कॉम्प्युटरचा पंखा साफ करणे. तो घरघरतो आणि रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो, अशी कुरकुर दोन महिने ऐकतोय. दृष्टिहीनांच्या ग्रंथालयासाठी ती एक सहाशे बारा पानांची कादंबरी वाचून रेकॉर्ड करते आहे. अकरा महिने झाले. रोज दुपारी खोलीचं दार बंद, आणि मी बाहेर बशीवर कपसुद्धा वाजवायचा नाही. आता शेवटचं प्रकरण उरलंय. तेवढं तरी बिनघरघरीचं व्हावं. सरप्राइज.

सकाळी ११:१५
कॉम्प्युटरचं डावं झाकण उघडलं. उजवं उघडायची गरज नाही, त्या बाजूला काहीच नसतं. अनुभवाने कळतं.

पंखा दहा मिनिटांत चकाचक. मग मदरबोर्डवर च्युइंग गमच्या पट्टीएवढी एक चपटी पट्टी दिसली. हीच ती ड्राइव्ह. अकरा महिन्यांचा आवाज एवढ्याशा पट्टीत! तिच्याखाली धुळीचा बोळा. काम अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही. टोकाला एकच स्क्रू होता, तो काढला. घट्ट होता, पण जोर लावल्यावर मुकाट आला. गमतीदार स्क्रू आहे. पाऊण सेंटिमीटर लांब, वर बारीक डोकं, खाली पितळेचा षटकोनी पाय. हरवू नये म्हणून झाकणावर अगदी मधोमध ठेवला.

दुपारी १२:०५
झाकणावरही धूळ होती. व्हॅक्यूम क्लीनर फिरवला. खाली कचऱ्याची गाडी उभीच होती, म्हणून लगेच पिशवीही रिकामी करून आलो. हिला हे कधी सुचत नाही.

१२:२०
स्क्रू कुठे आहे?

१२:२१
अरे देवा.

१२:३५
कोपऱ्यापर्यंत धावलो. गाडीवाल्याने आरशात बघून हात हलवला. मीही हलवला. गाडी वळून गेली.

घाबरण्यासारखं काही नाही. स्क्रू म्हणजे स्क्रू. जगात स्क्रूंचा तुटवडा नाही. फक्त स्क्रू नसल्यामुळे पट्टीचं एक टोक आपोआप वर उचललं गेलंय, आणि खोलीत गेलं की ती माझ्याकडेच बघते आहे असं वाटतं.

संध्याकाळी ६:१०
हिचा फोन. काय करताय, असं विचारलं. मी म्हटलं, काही नाही. त्यावर तिने लगेच विचारलं, काही नाही म्हणजे काय काय?

मंगळवार, ४. सकाळी ८:३०
संकल्प: आज स्क्रू आणणे, लावणे, विषय संपवणे. अकरापर्यंत मोकळा.

सकाळी १०:००
आधी नेटवर थोडं वाचावं म्हटलं. वाचायला नको होतं. माणसाच्या अंगात वीज साठते म्हणे, आणि बोट लागलं तर ड्राइव्ह जागच्या जागी मरू शकते. काल मी लोकरीचे मोजे घालून, गालिच्यावर बसून, पट्टीला पाच वेळा तरी बोट लावलं. एकदा टिचकी मारली होती. का मारली?

सकाळी ११:२०
अंगातली वीज काढून टाकायला धातूला जोडून घ्यावं, असंही लिहिलंय. तांब्याच्या तारेचं एक टोक मनगटाला आणि दुसरं स्वयंपाकघरातल्या नळाला बांधलं. आता सुरक्षित आहे. तार दीड मीटरची आहे, कॉम्प्युटर दोन खोल्या पलीकडे. तरीही सुरक्षित आहे.

११:३५
फोन वाजतोय. बाहेरच्या खोलीत. गाठ सुटत नाही.

११:५०
हिचाच होता. सात मिस्ड कॉल. परत फोन केला. एवढा वेळ कुठे होतात, असं विचारलं. नळाशी होतो, असं सांगितलं. खोटं बोललो नाही. मेहुणी बरी आहे. आवाज असा का येतोय, असंही विचारलं. घसा, म्हटलं.

दुकानात उद्या. घाईत कामं बिघडतात.

बुधवार, ५. दुपारी १:००
बाजाराच्या मागच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानातल्या बाई डोळ्याला भिंग लावून काहीतरी डाग देत होत्या. मी एका मित्राची अडचण म्हणून सांगितली. पाऊण सेंटिमीटरचा, षटकोनी पायाचा स्क्रू हवा, म्हटलं. बाईंनी भिंग वर केलं आणि म्हणाल्या, असा स्क्रू नसतो. खाली पितळेची खुंटी असते, ती बोर्डात बसते. तिच्यात वरून स्क्रू जातो. दोन वेगळ्या वस्तू आहेत. तुमच्या मित्राने उलटा जोर लावून दोन्ही एकदम उपटलेत. मशीन घेऊन या, पाच मिनिटांचं काम आहे.

मी हसलो. डोळ्यांनी बघितलेली वस्तू मला शिकवतात. एकसंध होता तो. बाईंनी डब्यातून एक खुंटी आणि एक स्क्रू काढून काउंटरवर ठेवला, मित्राला द्या म्हणाल्या. मी नम्रपणे नाकारलं. दोन तुकड्यांचा माल दोन ठिकाणी हलणार. हिच्या अकरा महिन्यांच्या मेहनतीखाली मी हलणारी वस्तू लावणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

शिवाय मशीन उचलून जिन्यातून न्यायचं म्हणजे समोरच्या काकू बघणार. काकूंनी बघितलं म्हणजे हिला संध्याकाळपर्यंत कळलंच. नकोच ते.

गुरुवार, ६. सकाळी ११:४५
घड्याळजींकडे गेलो. बारीक स्क्रूंमध्ये त्यांचा हात कोण धरणार? ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे दोन भाग असतील बघा. दुरुस्तीवाल्या बाई यांच्या ओळखीच्या दिसतात. संगनमत.

तरी आग्रह करून एका भिंतीवरच्या घड्याळातला स्क्रू आणला. लांबी पाऊण सेंटिमीटर बरोबर. डोकं सुबक.

दुपारी १२:३०
बसत नाही. भोक फार मोठं आहे. चिमट्यात धरून जरा फिरवून बघत होतो, तर निसटला आणि आत पडला. मशीनच्या आत. टिंग असा आवाज आला.

१२:४५
दिसत नाही. टॉर्च लावली. दिसत नाही.

नेटवर वाचलं. आत सुटा स्क्रू असताना मशीन चालू केलं तर शॉर्ट सर्किट होऊन बोर्ड, ड्राइव्ह, सगळं जळू शकतं. जमिनीवरच बसून राहिलो. सोमवारी एक स्क्रू कमी होता, आता एक जास्त आहे.

दुपारी १:३०
मशीन उलटं करून हलवलं. खुळखुळ वाजलं. तिरकं केलं, वाजलं. आडवं केलं. आता वाजत नाही. हे चांगलं की वाईट?

संध्याकाळी ६:००
हिचा फोन. शेवटच्या प्रकरणाबद्दल बोलत होती. त्यात म्हातारी आई मुलाच्या पत्रावर हात फिरवते, तिथे वाचताना तिचा आवाज भरून येतो, म्हणून ते पान तिने आठ वेळा रेकॉर्ड केलं आणि पुसलं. रविवारी आल्या आल्या पुन्हा करणार आहे. ग्रंथालयात एक आजोबा दर आठवड्याला पुस्तक आलं का विचारायला येतात म्हणे. मी हं हं करत होतो. हे आजोबा मला सोमवारी माहीत असते तर मी झाकणाला हात लावला नसता. खरं म्हणजे लावला असता.

शुक्रवार, ७. सकाळी १०:१५
मदरबोर्डचं माहितीपुस्तक सापडलं. हिने ते नीट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं, मी कधी उघडलं नव्हतं. पान एकोणीस. चित्र. खाली खुंटी, वर स्क्रू. बाण दाखवून. दोन वस्तू.

काही काळ चित्र उलटं धरून बघितलं. तरी दोनच.

असो. मोकळ्या मनाचा माणूस चूक मान्य करतो. बाईंकडे जाऊन मित्राच्या वतीने करणार.

सकाळी ११:१०
शटर खाली. कागद चिकटवलाय: दुकान सोमवारपर्यंत बंद राहील. कागदावरची तारीख आजची. काल उघडं होतं. परवा माझ्यासमोर काउंटरवर स्क्रू आणि खुंटी ठेवलेली होती. मी त्या जोडीला दोन तुकड्यांचा माल म्हटलं होतं.

शटर दोनदा ठोकलं. शेजारच्या शिंप्याने मान बाहेर काढून विचारलं, एवढं काय आहे. मापाला आलो होतो, असं सांगून टाकलं. त्याने माप घेतलं.

शनिवार, ८. सकाळी ९:००
अजून छत्तीस तासही नाहीत. तीस. मोजलं, तीससुद्धा नाहीत.

संकल्प: स्वतःची डोकॅलिटी वापरणे. खोडरबराचा तुकडा कापून पट्टीखाली, वरून चिकटपट्टी. साधं, सोपं, मजबूत. त्या पितळेच्या खुंटीत असं काय सोनं लागलंय?

सकाळी ११:००
बसवलं. आतला सुटा स्क्रू काही सापडला नाही. तरी चालू करून बघितलंच पाहिजे, नाहीतर उद्या ती करेल. स्वयंपाकघराचा रबरी हातमोजा घातला, तोंड दुसरीकडे वळवलं आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. जळका वास नाही. पडदा काळा. वर इंग्रजीत एक ओळ, की चालू करण्यासाठी मशीनला काहीच सापडत नाही.

काहीच सापडत नाही.

बंद केलं, चालू केलं. काहीच सापडत नाही. हिचा अकरा महिन्यांचा आवाज गेला. मी घालवला. धूळ होती म्हणून.

दुपारी २:२०
जेवलो नाही. मार्ग सुचला. पुस्तक टेबलावर आहे, फोनमध्ये रेकॉर्डर आहे, माझा आवाजही भारदस्त आहे, शाळेत वक्तृत्वात बक्षीस होतं. सहाशे बारा पानं मी वाचून काढतो. फोन पुस्तकाला टेकवला. खोलीचं दार बंद केलं. पान एक.

संध्याकाळी ५:४०
अकरा पानं झाली. घसा गेला. चार वेळा रिक्षाचा हॉर्न, एकदा माझं पोट, एकदा काकूंची बेल. दर वेळी पान पहिल्यापासून. एका पानावर आवाज थरथरतो, तो लपवायला मोठ्याने वाचलं, तर भांडल्यासारखं वाटतं. ही रोज इथे बसून हे कसं करत होती? मी बाहेर कप वाजवत होतो.

सहाशे एक पानं उरली. फोन आला तेव्हा उचलला नाही. उचलला असता तर रडलो असतो.

रविवार, ९. दुपारी १:१५
ती खाली रिक्षातून उतरते आहे. रोजनिशी रद्दीखाली ठेवतो.

दुपारी ३:१०
सगळं झालं. क्रमाने लिहितो.

तिने चपला काढल्या आणि सरळ खोलीत गेली. खोडरबर बघितलं. चिकटपट्टी बघितली. रबरी हातमोजाही तिथेच पडला होता. मी म्हटलं, पंखा घरघरत होता. तिने हातमोजा उचलला आणि नीट घडी घालून टेबलावर ठेवला. हे सगळ्यात वाईट. मग मीच एका दमात सगळं सांगितलं. कचऱ्याची गाडी, घड्याळाचा स्क्रू, काळा पडदा. शेवटी म्हटलं, तुझं सगळं पुस्तक गेलं गं.

ती म्हणाली, कुठे जाईल? झालेली प्रकरणं दर शनिवारी ग्रंथालयाला पाठवते. जेवताना सांगते की दर शनिवारी, पाठवलं म्हणून. तुम्ही बरं म्हणता.

म्हणतो खरा.

मग तिने मशीन एका विशिष्ट कोनात तिरकं केलं आणि घड्याळजींचा स्क्रू तिच्या तळहातावर पडला. मग उजवं झाकण उघडलं. ज्या बाजूला काहीच नसतं, तिथे आतून एक छोटं पारदर्शक पाकीट चिकटवलेलं. आत तीन खुंट्या, तीन स्क्रू आणि एक चिठ्ठी. तिच्या अक्षरात: आमचे हे उघडतील तेव्हा. खाली तारीख, मशीन घरी आलं त्या दिवशीची.

पट्टीला काहीच झालं नव्हतं, खोडरबरामुळे ती नुसती खाचेतून निसटली होती; तिने चार मिनिटांत बसवली. बटण दाबलं. सगळं सापडलं. मी भिंतीला टेकून बसलो.

फोनमधली अकरा पानं तिने ऐकली. सगळी. तिसऱ्या पानावर एक ओळ गाळलीत, म्हणाली. माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग कान लावून म्हणाली की पंखा मात्र अगदी गप्प झालाय. हे ती स्वतःहून म्हणाली. नोंद करून ठेवतो.

आता ती शेवटचं प्रकरण करायला बसली आहे. उरलेल्या दोन जोड्यांचं पाकीट माझ्या हातात दिलं. म्हणाली, हे आता तुम्ही सांभाळा, आणि बाहेर बसा, अजिबात आवाज नको. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिने मला काही सांभाळायला दिलं.

संकल्प: पाकीट नीट जागेवर ठेवणे.

३:३५
आतून आवाज येतोय. म्हातारी आई पत्रावर हात फिरवते आहे. वाचताना हिचा आवाज भरून आलाय. या वेळी ती थांबत नाहीये.

३:४०
पाकीट कुठे आहे?

३:४१
खिशात नाही. रद्दीखाली नाही. खुर्चीखाली बघायला हवं, पण खुर्ची सरकवली तर आवाज होईल.

बसलो आहे.