जवळ्याभोवतीचं कुंपण

हंसीच्या बापाला,

समुद्रावरून आलात की घर रिकामं दिसेल. आमी पालघरच्या दवाखान्यात हाव. काल अंगणात झाडाची साल उकळत ठेवलेल्या टोपात हंसीचा हात गेला, पार खांद्यापर्यंत भाजला. त्या सालीच्या पाण्यात जाळी रंगवायची म्हणून तुमी चूल पेटवलीत आणि भरती आली तसे होडीवर निघून गेलात. मी विहिरीवर होते. तीन वर्षांची पोर, कोंबडीच्या पिल्लामागे धावली.

त्या चुलीला आडोसा करा म्हणून दिवाळीपासून तुमच्या मागे लागले होते. तुमी म्हणालात, बांबू कुठे हायत? बांबू होते. सुकत घातलेल्या जवळ्याला कुत्री लागू नयेत म्हणून चारी बाजूंनी रोवलेत, वर जुनं जाळं ताणून बांधलंत. त्यातून मांजरसुद्धा आत शिरत नाय.

हंसीजवळ तुमची आई बसली हाय. मी कपडे न्यायला आले होते. पोर आता रडत नाय, नुसती बघत राहते. तिचा लाल झगा अजून ओला हाय, येताना तो आणा, बाह्या कापून आणा. कसं भाजलं ते डॉक्टर पुन्हा विचारणार हायत. या वेळी तुमी सांगा.

टोपातलं पाणी ओतून टाकलं, चूल कधीच विझली होती. जवळ्याभोवतीचे बांबू उपटून चुलीभोवती रोवलेत, जाळंही घट्ट बांधलंय. एकटीने केलं, फार वेळ लागला नाय.

कुत्री जवळ्यावर तुटून पडली हायत. मी हाकलली नाय.

येसू