घोटवाडीच्या डोहावरील नाव, दोर आणि तळ यांबाबत

मी, अप्पाराव सखाराम दाभाडे, वय चौपन्न, धंदा नावाडी, राहणार मौजे घोटवाडी, तालुका सोयगाव, जिल्हा छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. बिघडलं आहे ते हृदय, आणि त्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात शहरात आहे. माझ्यावर कुणाचा दाब नाही. वकील केलेला नाही. नाव बांधायला मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि हेही मी वाचूनच शिकलो.

१. राहतं घर माझी पत्नी लीलाबाई हिचं. शहरात चल म्हणून तिला कुणी गळ घालू नये. जायचं असेल तर ती स्वतः सांगेल.

२. मुलगा आकाश शहरात प्लॉट विकतो. वरच्या अंगाचं शेत आणि मोटारसायकल त्याची. नदीकाठची नाव लागते ती जागा त्याला देत नाही. तिथं रिसॉर्ट करायचं त्याच्या मनात आहे, पण कारण ते नव्हे. काठावरचा पांढरा दगड बुडाला की नाव बंद, हा माझा नियम. मी तालुक्याला गेलो असताना, दगड बुडालेला असूनही, आकाशने किल्ल्यावर निघालेल्या ट्रेकवाल्यांना नावेत बसवलं. त्यांचा म्होरक्या ओरडत होता, "अहो, पलीकडं बस थांबलीय!" माझी मुलगी मोनाली हिने खांबावरचा दोर सोडला नाही. म्हणाली, "दादा, बस थांबती. डोह थांबत नाय." आकाशवर राग नाही. घाई त्याला शहरानं लावली.

३. म्हणून नाव, नदीकाठची ती जागा, दोर, वल्ही आणि माझी सुतारकामाची सगळी हत्यारं मुलगी मोनाली हिला देतो. "पोरीच्या हातात नाव?" असं विचारणाऱ्यांनी पोहत पलीकडे जावं. लाकूड तासायचा वाकस तिने कुणाला उसना देऊ नये. धार घालवून परत आणतात.

नावेत बसण्याआधी बूट काढून पाटीत ठेवायचे, हा नियम मोडू नये. शहरातली पोरं विचारतात, "काका, हे काय मंदिर आहे?" मी सांगतो, "मंदिरातनं बूट जातात. इथं बूट माणसाला घेऊन जातात." ते हसतात. मग खांबाला टांगलेला एकटा बूट दिसतो आणि नाड्या सोडायला लागतात. तो बूट शहरातल्या छावणी भागातल्या हिमांशूचा आहे. तो तिथून हलवू नये.

४. आता धाकटा भाऊ कडुबा. पलीकडचा काठ त्याचा आहे, आणि दोराचं दुसरं टोक त्याच्याच बांधावरच्या खांबाला आहे. त्याने नाही म्हटलं तर नाव माझ्याबरोबरच संपेल. म्हणून हे कलम नीट वाचावं.

पूर्वी इथं नाव नव्हती. उतार होता, गुडघाभर पाण्यातून माणसं जात. मग दुष्काळाची सालं आली, नदी आटली, आणि शहराच्या इमारतींना वाळू लागली. कडुबाने आपल्या शेतातून ट्रॅक्टरना वाट दिली. पुढच्या पावसाळ्यात हिमांशूने काठावर त्यालाच विचारलं, पाणी किती? कडुबा जन्मभराच्या सवयीनं म्हणाला, "गुडघाभर. जा बिनधास्त." वाळू उपसलेली त्यालाच माहीत होती, तरी तोंडातून जुनी नदी बोलली. पोरामागे उडी त्यानेच मारली. हाताला एक बूट लागला, पोरगा नाही.

त्या पावसाळ्यातच मी नाव बांधली. भावाशी बोलणं बंद केलं. नदी कोरडी पडेल त्या प्रत्येक उन्हाळ्यात मी अनवाणी तिचा तळ फिरतो. कुठं खड्डा, कुठं खडक, ते पायाला कळलं पाहिजे. एकदा कडुबा बांधावरून ओरडला, "कोरड्यात काय हुडकतो, सोनं?" मी म्हणालो, "तुझे खड्डे." एवढंच काय ते बोलणं.

यंदा नदी पुन्हा आटली आहे. काल मोनालीला घेऊन शेवटचं फिरावं म्हणून गेलो, पण छाती भरून आली आणि मध्येच वाळूत बसलो. कडुबा बांध उतरून आला. चपला काढून हातात घेतल्या. म्हणाला, "दादा, तू बस. खड्डे मी करवले, मला ठावं हायती." मोनालीला म्हणाला, "चल गं. ह्यो पह्यला. हितं हत्ती बुडंल." दोघं पार पलीकडपर्यंत गेली. मला ठाऊक नसलेले खड्डेही त्याने दाखवले. मी बसल्या जागेवरून बघत होतो.

म्हणून वाटणीच्या वेळेपासून भांडणात असलेली माझी विहीर कडुबाला देतो. अट एकच. नदी आटेल त्या दर उन्हाळ्यात त्याने मोनालीबरोबर तळ फिरावा, आणि त्याचं "हो" आल्याशिवाय तिने पावसाळ्यात नाव सोडू नये. नाव तिची, तळ त्याचा.

अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा. त्या दिवशी कुणी पलीकडे जायचं खोळंबलं असेल तर आधी त्याला उतरवावं.

ज्याला मिळतं त्याने साक्षीला बसू नये, म्हणून कडुबा बाहेर ओट्यावर बसला आहे. चहा त्याला पाठवला आहे.

वरील मजकूर मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही: अप्पाराव सखाराम दाभाडे

साक्षीदार:
१. व्यंकटराव नरहरराव कुलकर्णी, निवृत्त शिक्षक, सोयगाव (सही)
२. द्वारकाबाई पुंजाजी खरात, घोटवाडी (सही, अंगठा नव्हे, असं लिहायला त्यांनी सांगितलं)

ठिकाण: घोटवाडी
दिनांक: १८ मे २०२४